पदवीनंतर आहारतज्ज्ञाने काय शिकावे आणि ते कशावरून ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. होऊन पाचएक वर्षे झाली, जिल्ह्याच्या ठिकाणी सव्वाशे खाटांच्या रुग्णालयात तुम्ही एकट्याच आहारतज्ज्ञ आहात, सकाळी वॉर्ड आणि दुपारी ओपीडी यांतच दिवस संपतो, मोबाइलवर दर आठवड्याला नव्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात येते आणि वर्षाला पंधरा-वीस हजारांपलीकडे खर्च परवडत नाही. अशा स्थितीत कोणता कोर्स करावा, किती करावेत आणि असे सतत शिकत राहणे कायद्याने बंधनकारक आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते कोर्सची निवड ही या कामातली शेवटची पायरी आहे. पहिली पायरी तुमच्याच रुग्णालयातल्या केसपेपरांमध्ये आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

बंधनाचा मुद्दा आधी निकाली काढू. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ या दोन्ही व्यवसायांचा समावेश आहे, आणि केंद्रीय आयोग व राज्य परिषदा यांच्यामार्फत व्यावसायिकांची नोंदणी करणे ही त्या कायद्याची मूळ रचना आहे. म्हणून राज्य परिषदेच्या अधिकृत सूचनांवर लक्ष ठेवा आणि पदवी, इंटर्नशिप व अनुभवाची कागदपत्रे एका जागी तयार ठेवा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची आर.डी., म्हणजे ‘रजिस्टर्ड डायटिशियन’, ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. ती व्यावसायिक संघटनेने दिलेली पात्रता आहे, आणि तिच्या नूतनीकरणाच्या अटी संघटनेकडूनच लेखी मागवून घ्याव्यात. ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटवर विसंबून कोणी क्रेडिट गोळा करत बसू नये.

इतर देशांत या बाबतीत दोन वेगवेगळ्या वाटा दिसतात. अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञाला दर पाच वर्षांत निरंतर शिक्षणाची ७५ एकके पूर्ण करावी लागतात. ब्रिटनमध्ये नोंदणी करणारी एचसीपीसी ही संस्था तासांची किंवा गुणांची कोणतीही अट घालत नाही. तिथे प्रत्येकाने स्वतःच्या शिक्षणाची सलग नोंद ठेवायची असते, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी त्या व्यवसायातल्या २.५ टक्के लोकांची निवड करून त्यांच्याकडून ती नोंद मागवली जाते, आणि शिकल्यामुळे सेवा घेणाऱ्यांचा काय फायदा झाला हे त्यांना दाखवावे लागते. माझा कल स्पष्टपणे दुसऱ्या पद्धतीकडे आहे. तास मोजायला लागले की कॅमेरा बंद करून वेबिनार लावून ठेवायचा, शेवटची प्रश्नमंजूषा सोडवायची आणि प्रमाणपत्र डाउनलोड करायचे, ही सवय आपल्याकडे किती झपाट्याने रुजली ते तुम्हीही पाहिले असेल. तुमच्यावर सध्या गुणांचा दबाव नसेल तर ती सोयच समजा.

आता केसपेपर. मागच्या तीन महिन्यांत ज्यांना तुम्ही प्रत्यक्ष सल्ला दिला, त्यांची नोंदवही घ्या आणि आजारानुसार रुग्ण मोजा. मधुमेह अर्थातच वर असेल. त्याखाली मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदरपणातला मधुमेह, शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण, आयसीयूतले ट्यूब फीड (नळीवाटे अन्न) घेणारे रुग्ण, यकृताचे आजार, कुपोषित मुले असा काही क्रम लागेल. प्रत्येक गटासमोर दोन गोष्टी लिहा. आपण देतो तो डाएट चार्ट कोणत्या मार्गदर्शक सूचनेवर आधारलेला आहे आणि ती कोणत्या वर्षाची आहे, ही पहिली. त्या गटातला अवघड रुग्ण आला तर डॉक्टरांच्या प्रश्नाला आपण कारणासह उत्तर देऊ शकतो का, ही दुसरी. पहिल्या रकान्यात पुष्कळदा एकच प्रामाणिक उत्तर येते: ‘आधीच्या मॅडमनी करून ठेवलेला चार्ट’. जिथे रुग्ण जास्त आणि उत्तर असे, तिथे तुमचा या वर्षीचा अभ्यासक्रम आपोआप तयार झालेला असतो.

डायलिसिसचे उदाहरण जरा तपशिलात घेते, कारण तालुका-जिल्हा पातळीवरच्या अनेक रुग्णालयांत आता डायलिसिसची यंत्रे आली आहेत, पण आहाराचे छापील कागद मात्र जुनेच राहिले आहेत. त्या कागदावर साधारणपणे डाळ बंद, दूध कमी, नारळपाणी बंद, फळे बंद असे लिहिलेले असते, आणि डायलिसिस सुरू न झालेल्या व सुरू झालेल्या अशा दोन्ही रुग्णांना तोच कागद दिला जातो. मूत्रपिंडविकारातील आहाराविषयी केडोकी या अमेरिकन उपक्रमाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पाहा. मधुमेह नसलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या, तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातल्या स्थिर रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत, मधुमेह असेल तर ०.६ ते ०.८ ग्रॅम, आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला १.० ते १.२ ग्रॅम. साठ किलोचा माणूस धरला तर डायलिसिसपूर्वी ३३ ते ३६ ग्रॅम आणि डायलिसिस सुरू झाल्यावर ६० ते ७२ ग्रॅम. म्हणजे उपचार बदलला त्या दिवशी प्रथिनांची गरज जवळपास दुप्पट झाली, आणि कागद मात्र तोच राहिला. असा रुग्ण हळूहळू मांस गमावतो, त्याच वेळी अंगात पाणी साठत असल्यामुळे काट्यावरचे वजन फारसे हलत नाही, आणि ‘वजन टिकून आहे’ असा शेरा पडत राहतो.

हा विषय शिकायचा म्हणजे सूचनांचा सारांश वाचून थांबायचे नाही. डायलिसिस युनिटमध्ये एक आठवडा रोज तासभर बसा, तंत्रज्ञाकडून ड्राय वेट, म्हणजे अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन, कसे ठरवतात ते समजून घ्या, दोन डायलिसिसमध्ये कोणाचे वजन किती वाढते ते पाहा. मग ही वाढीव तीस-पस्तीस ग्रॅम प्रथिने त्या घराच्या ताटात कशी बसवायची हा खरा प्रश्न सुरू होतो. अंड्याचा पांढरा भाग फॉस्फरस कमी असल्याने सोयीचा, पण घर माळकरी असेल तर काय? पनीर, दही आणि धुतलेली मूग डाळ मोजून द्यायची, पोटॅशियम कमी करण्यासाठी भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकायचे, आणि हे सारे करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला किती वेळ आहे तेही विचारायचे. नवा कागद तयार झाल्यावर तो नेफ्रॉलॉजिस्टना किंवा फिजिशियनना दाखवून त्यावर तारीख घाला आणि तीन महिन्यांनी दहा रुग्णांच्या नोंदी पुन्हा तपासा. कोणत्याही ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा हे शिक्षण मला वजनदार वाटते.

पायाभूत संदर्भग्रंथांकडे पुष्कळ जण पदवीनंतर वळतच नाहीत, आणि नेमके तेच बदललेले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये पोषकघटकांच्या गरजा नव्याने प्रसिद्ध केल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी कॅल्शियमची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर गेली, प्रथिनांची दर किलोला १ वरून ०.८३ ग्रॅमवर आली, संदर्भ पुरुषाचे वजन ६० वरून ६५ किलो झाले. आकड्यांपेक्षा मोठा बदल विचारात आहे. शिफारशीच्या जोडीला ईएआर, म्हणजे सरासरी अंदाजित गरज, आणि सेवनाची वरची सुरक्षित मर्यादा हे दोन रकाने आले. प्रौढ स्त्रीसाठी लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे, तर सरासरी गरज १५. एखाद्या गावातल्या स्त्रियांचा आहार तपासून ‘सगळ्या २९ च्या खाली आहेत, म्हणून सगळ्यांना लोहाची कमतरता आहे’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध आजही सादर होतात. समूहाचे मूल्यमापन शिफारशीशी तुलना करून होत नाही. त्यासाठी ईएआर वापरायचा असतो, आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या गरजेचे वितरण एका बाजूला झुकलेले असल्याने तिथे संभाव्यतेची पद्धत वापरावी लागते. प्रथिनांच्या ०.८३ या आकड्यामागेही प्रथिनांचा दर्जा चांगला असल्याचे गृहीतक आहे. भाकरी, भात आणि पातळ आमटी एवढ्यावर जगणाऱ्या माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

२०१७ चे भारतीय अन्नघटक तक्तेही असेच दुर्लक्षित राहिले आहेत. त्यांत ५२८ अन्नपदार्थांचे विश्लेषण आहे आणि ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. ४.१८४ ने भागण्याचा कंटाळा हेच जुन्या पुस्तकाला चिकटून राहण्याचे अनेकांचे खरे कारण असावे, अशी माझी शंका आहे. या तक्त्यांना धरून एक छोटा अभ्यास सुचवते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हजार रुपयांच्या आत मिळतो. रुग्णालयाच्या किचनमध्ये, तुमच्या घरी आणि ओळखीच्या आणखी तीन-चार घरांत एका भाकरीला लागणारे कोरडे पीठ मोजा. कुठे ४० ग्रॅम भरेल, कुठे ९० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३३४ किलोकॅलरी आणि १० ग्रॅमच्या जवळपास प्रथिने असतात. म्हणजे एक भाकरी १३४ किलोकॅलरींची आणि दुसरी ३०० ची. तुमच्या चार्टवर मात्र दोन्हींसाठी ‘१ भाकरी’ असेच लिहिलेले असते, आणि इन्सुलिन घेणारा रुग्ण ती खातो. असेच मोजमाप आमटीची वाटी, पोहे, साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची चटणी यांचे करून ठेवा. स्थानिक पदार्थांचा असा तपासलेला तक्ता दोन-तीन महिन्यांच्या सवडीतून उभा राहतो आणि पुढे वर्षानुवर्षे रोज उपयोगी पडतो. २०२४ मध्ये आलेली भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे, एकूण सतरा, ही निरोगी लोकांसाठी आहेत. ती वाचा, पण त्यातले ताट उचलून रुग्णाला देऊ नका.

तुमच्या रुग्णालयात आयसीयू असल्याने ट्यूब फीडकडे वळते, कारण इथे अर्धवट ज्ञान थेट जिवाशी खेळते. अन्ननलिकेच्या कर्करोगाचा चाळीस किलो वजनाचा रुग्ण दहा-बारा दिवस जवळपास उपाशी राहून दाखल होतो, नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब पडते आणि वॉर्डातल्या नेहमीच्या रिवाजाने दर दोन तासांनी २०० मिलिलिटर फीड सुरू होते. मिलिलिटरला एक किलोकॅलरी धरली तर आठ फीडमध्ये पहिल्याच दिवशी १६०० किलोकॅलरी गेल्या. उपाशी शरीराला अचानक कर्बोदके मिळाल्यावर इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात, थायामिन संपते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडणे किंवा श्वास कमी पडणे अशा स्वरूपात ते समोर येते. यालाच रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि त्याविषयी अमेरिकन संस्था ॲस्पेनने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार अशा रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत दर किलोला १० ते २० किलोकॅलरी, म्हणजे या रुग्णाला ४०० ते ८००, द्यायच्या असतात. त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी उद्दिष्टाच्या साधारण एक तृतीयांशाने वाढ करायची, फीड सुरू करण्यापूर्वी १०० मिलिग्रॅम थायामिन द्यायचे, आणि धोका जास्त असेल तर पहिले तीन दिवस दर बारा तासांनी इलेक्ट्रोलाइट तपासायची.

ही माहिती तुम्ही एकटीने शिकून भागत नाही. थायामिन डॉक्टरांनी लिहायचे असते, फीडचा वेग सिस्टर सांभाळतात, आणि फॉस्फरसची तपासणी तुमच्या लॅबमध्ये होते की नमुना बाहेर जाऊन उत्तर दुसऱ्या दिवशी येते, यावर सगळे अवलंबून असते. त्यामुळे या विषयाचे शिक्षण म्हणजे फिजिशियन, आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर आणि लॅब यांच्यासोबत बसून एक पानाची कार्यपद्धती ठरवणे. त्याच बैठकीत कुपोषण ओळखण्याचे ग्लिम निकष मांडा. वजनातली घट, कमी बीएमआय किंवा मांसाचे कमी झालेले प्रमाण यांपैकी किमान एक, आणि त्यासोबत कमी झालेला आहार, बिघडलेले पचन-शोषण किंवा आजारामुळे होणारा दाह यांपैकी किमान एक, अशी त्यांची साधी रचना आहे. आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या मर्यादा वेगळ्या आहेत: सत्तरीच्या आत १८.५ पेक्षा कमी आणि सत्तरीपुढे २० पेक्षा कमी. डिस्चार्ज समरीत कुपोषणाचे निदान लिहिले जाऊ लागले की आहारतज्ज्ञाचे काम इतरांना दिसू लागते, हा त्याचा आणखी एक उपयोग.

आता कोर्स. तुमची एम.एस्सी. झाली आहे, पण हाताखालच्या मुली विचारतील म्हणून सांगते, की दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने या विषयाची पदवी घेण्याचा मार्ग बंद झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी संबंधित जे अभ्यासक्रम या पद्धतीने चालवण्यास मनाई केली, त्यांत अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डायटेटिक्स यांचा समावेश आहे. छोट्या कोर्सना ही मनाई लागू होत नाही, त्यामुळे जाहिरातींचा पूर ओसरणार नाही. तुमच्या कामाला जवळचे सांगायचे तर युरोपातल्या एस्पेन या संस्थेचा लाइफ लाँग लर्निंग हा कार्यक्रम आहे. विषयवार मॉड्यूल आणि प्रत्येकाच्या शेवटी परीक्षा अशी त्याची रचना असून आयसीयू व शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी तो उपयुक्त आहे. मधुमेह शिक्षकाचा एखादा चांगला प्रशिक्षणक्रमही उपयोगी पडेल, कारण इन्सुलिनची पेने, हायपोची (साखर फार उतरण्याची) लक्षणे आणि ग्लुकोमीटरच्या नोंदी यांच्याशी तुमचा रोज संबंध येतो. फॉडमॅप आहारात आतड्यात आंबून त्रास देणारी काही कर्बोदके टाळतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचा त्याविषयीचा आहारतज्ज्ञांसाठीचा कोर्स उत्तम आहे, पण तो पोटविकारांची ओपीडी मोठी असणाऱ्यांनी करावा. त्या आहाराचे तीन टप्पे असतात, आणि आपल्याकडे कांदा, लसूण, गहू, राजमा बंद करण्याच्या पहिल्याच टप्प्यावर रुग्णाला सोडून दिले जाते, एवढे तरी तो कोर्स न करताही लक्षात ठेवावे. खेळाडू येत नसतील तर आयसॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेची शरीरमापनाची पातळी घेण्यात अर्थ नाही. तिची मान्यता चार वर्षांनी संपते, आणि हाताला सराव नसेल तर त्वचेच्या घडीची मापे भरवशाची येत नाहीत.

एखादा अनोळखी कोर्स समोर आला तर मी फीच्या आधी मूल्यांकन कसे होते ते विचारते. प्रत्यक्ष रुग्णाची केस लिहून द्यावी लागते का, ती कोणी तपासतो का, आणि नापास होण्याची शक्यता आहे का? सगळेच पास होत असतील तर ती फी प्रमाणपत्राची आहे. शिकवणारी व्यक्ती आजही रुग्ण पाहते का, हे पाहावे. ‘हार्मोन’, ‘डिटॉक्स’, ‘गट रीसेट’ असले शब्द शीर्षकात असतील आणि शेवटी स्वतःचीच पावडर विकायला लावत असतील, तर पुढे वाचण्याची गरज नाही.

मोफत कार्यक्रमांविषयी थोडे परखड लिहावे लागेल. त्यांचा खर्च कोणीतरी करत असतो, आणि तो कोण करतो हे विचारण्यात असभ्य काही नाही. शिशुआहाराच्या बाबतीत तर हा सभ्यतेचा प्रश्नच नाही, कायद्याचा आहे. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या आणि शिशुआहार यांच्या नियमनाचा कायदा १९९२ चा असून २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. माता, अर्भके आणि गरोदर स्त्रिया यांच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या व्यक्तीला किंवा तिच्या संघटनेला अशा कंपन्यांनी आर्थिक लाभ देण्यास त्यात मनाई आहे, आणि परिषदा, चर्चासत्रे, शैक्षणिक अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती यांचा खर्च उचलणेही त्या मनाईत येते. प्रसूती विभागात तुम्ही सल्ला देता, तेव्हा तुम्ही त्या व्याख्येत बसता. हॉटेलातल्या जेवणासह ‘पहिले हजार दिवस’ या विषयावरचे निमंत्रण आले, तर खाली छोट्या अक्षरात कोणाचे नाव आहे ते वाचून मगच उत्तर द्यावे. प्रथिनांच्या पावडरी किंवा मधुमेहासाठीची पेये विकणाऱ्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही, तिथे स्वतःचे तारतम्य वापरायचे. मी अशा व्याख्यानांना जाते, पण त्यात दाखवलेला मूळ शोधनिबंध नंतर स्वतः उघडून पाहते. तुलना कशाशी केली होती, हे बहुतेक वेळा स्लाइडवर नसते.

शोधनिबंध वाचता येणे हे कौशल्य पदवीत शिकवले जाते आणि नंतर सर्वांत आधी विसरले जाते. तुमच्याकडे मधुमेह ‘रिव्हर्स’ करून द्या म्हणणारे रुग्ण नक्की येत असतील. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचल्यापासून तर हा प्रश्न रोजचा झाला आहे. या विषयावर नेहमी पुढे केला जाणारा डायरेक्ट हा ब्रिटनमधला प्रयोग मुळातून वाचा. त्यात ३०६ जण होते, मधुमेहाचे निदान सहा वर्षांच्या आतले होते, बीएमआय २७ ते ४५ होता आणि इन्सुलिनवर असलेले कोणी घेतले नव्हते. त्यांतल्या निम्म्या जणांना सुरुवातीचे तीन ते पाच महिने नेहमीचे जेवण पूर्ण बंद करून दिवसाला ८२५ ते ८५३ किलोकॅलरींचा तयार आहार दिला, आणि वर्षाअखेरीस त्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना मर्यादेत आला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हे प्रमाण ३६ टक्के होते. आता तुमच्या समोर बसलेला रुग्ण पाहा: बावीस वर्षांचा मधुमेह, बीएमआय २३, रोज दोन वेळा इन्सुलिन. तो त्या प्रयोगात शिरूच शकला नसता. हे त्याला नीट समजावता येणे आणि नुकतेच निदान झालेल्या, पोट सुटलेल्या चाळिशीच्या माणसाला मात्र वजन उतरवण्याचा आग्रह करणे, हा एका निबंधाच्या वाचनातून मिळालेला फायदा आहे. शेजारच्या तालुक्यांतल्या तीन-चार आहारतज्ज्ञांना घेऊन महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर एकच निबंध वाचा. सारांश वाचून आलेल्या व्यक्तीला बोलू द्यायचे नाही, असा नियम ठेवला तर असे गट टिकतात.

भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांची माहिती आता टाळता येणार नाही. तिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जूनमध्ये. असे इंजेक्शन घेणारा रुग्ण तुमच्याकडे येतो तेव्हा त्याची भूक आधीच मेलेली असते, त्यामुळे कमी खा हे सांगण्यात अर्थ नसतो. अर्ध्या पोळीत जेवण संपते तिथे प्रथिने आधी कशी जावीत, पाणी आणि तंतुमय पदार्थ कमी पडून बद्धकोष्ठ कसे टाळावे, तळलेल्या पदार्थांनी मळमळ वाढते हे कसे सांगावे, आणि मांस टिकवण्यासाठी हलका का होईना, ताकदीचा व्यायाम कसा सुरू करावा, हे तुमचे काम. सोबत इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल तर साखर अचानक उतरण्याच्या खुणा विचारून त्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. डोसविषयी मत देऊ नका.

समुपदेशन कोर्समधून जेमतेम येते. रुग्णाची परवानगी घेऊन स्वतःची एखादी मुलाखत रेकॉर्ड करा आणि ऐकताना कोण किती वेळ बोलले एवढेच मोजा. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेक जणी आपण किती बोलतो हे ऐकून चपापतात. चतुर्थी, एकादशी, नवरात्र आणि रमजानचे रोजे यांत रुग्ण नेमके काय आणि कधी खातो, हे त्याच्याकडून काढून घेण्याचा सराव व्हायला हवा. ‘उपवास करू नका’ हे वाक्य कोणी ऐकत नाही आणि पुढच्या वेळी खरे सांगत नाही.

शेवटी वेळ आणि पैसा. तुमच्या रुग्णालयाला एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेचे मानांकन असेल किंवा घ्यायचे असेल, तर रुग्णांच्या पोषण-तपासणीची आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद त्यांना दाखवावी लागतेच. हाच तुमचा हुकमाचा पत्ता आहे. प्रशासनाकडे कोर्सची फी मागायला जाऊ नका, आधी आठवड्यातले दोन तास मागा: ओपीडी नसलेली एक दुपार, ज्यात तुम्ही वाचाल, चार्ट दुरुस्त कराल आणि महिन्यातून एकदा सिस्टरांना ट्यूब फीडवर शिकवाल. पहिले सहा महिने डायलिसिस आणि फीडची कार्यपद्धती, सोबत पदार्थांचे मोजमाप. पुढच्या सहा महिन्यांत एस्पेनची दोन-तीन मॉड्यूल किंवा मधुमेह शिक्षकाचा कोर्स, दोन्ही नव्हे. प्रत्येक विषयासमोर तारीख, काय वाचले, कोणता कागद किंवा पद्धत बदलली आणि रुग्णांच्या नोंदींत काय दिसले, असे चार रकाने एका वहीत ठेवा. वर्षअखेरीस पगारवाढीच्या चर्चेला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलऐवजी ती वही आणि डायलिसिसचा जुना व नवा असे दोन्ही कागद सोबत न्या. फीचा अर्ज त्याच बैठकीत, दुसऱ्या वर्षासाठी द्या.